विल्फचा वाफा आणि शेजारचा हॅलम

३ ऑक्टोबर
माझा नवरा विल्फ मार्चमध्ये वारला. समितीकडून भाड्याने घेतलेला त्याचा मळ्याचा तुकडा मी सोडणार नाही. अख्ख्या यॉर्कशरमध्ये असल्या तुकड्यांसाठी लोक वर्षानुवर्षं थांबतात. शेजारचा हॅलम तर कुंपणावरून गिधाडासारखा बघत असतो. ठरलं : लसूण लावायचा. लायब्ररीतून पुस्तकं आणली. हॅलमने आयुष्यात एक तरी वाचलंय का?

६ ऑक्टोबर, दुपार
कोपऱ्यातल्या वाफ्यात पिवळं, पिसांसारखं तण माजलंय. शेवटी शेवटी विल्फच्याने होत नव्हतं. उद्या साफ करते.

७ ऑक्टोबर
उपटलं सगळं. मुळं कसली, कोळ्याच्या पायांसारखी, जाडजूड! कुदळच घ्यावी लागली. हॅलम ओरडत होता, एनिड, थांब, अगं करतेस काय! म्हटलं, तू आपल्या कोबीवरच्या अळ्या बघ. त्याने डोकं धरलं. माझी मेहनत बघवत नाही, दुसरं काय. सगळं कचऱ्याच्या ढिगावर टाकलं. विल्फ खूश झाला असता.

८ ऑक्टोबर
मुळं गायब! ढकलगाडीच्या चाकाची खूण थेट हॅलमच्या फाटकापर्यंत. आता माझा कचराही चोरतो. समितीकडे तक्रार करणार, कडक शब्दांत. आज पाठ दुखतेय. उद्या.

१५ ऑक्टोबर
लसूण लावला, पाकळीचं टोक वर, पुस्तकात सांगितलंय तसा. हॅलम म्हणाला, लसूण छान लावलास. मी त्याच्याकडे पाठ करून पाणी घालत राहिले.

२२ ऑक्टोबर
तक्रारीत लिहायला तणाचं नाव शोधलं. चित्र सापडलं. अ‍ॅस्परॅगस, कोवळ्या कोंबांची भाजी. शरदात वरचं पिवळं पडतं, खाली मुळं जिवंत असतात. लावल्यावर तिसऱ्या वसंतात पहिले कोंब कापायचे. दोन वर्षांपूर्वी वसंतात विल्फ ते लावून आला, तेव्हा त्याचे गुडघे मीच शेकले होते. म्हणजे पहिले कोंब येत्या मेमध्ये.
पुस्तक चुकलं असेल. आवृत्ती जुनी आहे.

२३ ऑक्टोबर
हॅलमकडे गेले, भांडायलाच. त्याच्या सगळ्यात चांगल्या वाफ्यात मुळं ओळीने लावलेली. पाटीवर एकच शब्द : विल्फ. म्हटलं, माझी मुळं परत दे. म्हणाला, आता पुन्हा उपटलीस तर मरतील. दोन वर्षं हात लावायचा नाही. विचारलं, तोवर तू जगणार आहेस? म्हणाला, तुझी कुदळ अडवायला तरी जगेन.
उद्धट माणूस. विल्फची मुळं याच्या भरवशावर सोडता येणार नाहीत. रोज जाऊन लक्ष ठेवणार.

२४ ऑक्टोबर
सकाळपासून धो धो पाऊस. तरी जाऊन पाणी घातलं. हॅलम छत्री धरून बघत होता. या वेळी ओरडला नाही.