स्टोअरच्या मॅडमचा रोजचा प्रश्न

३ जून, सकाळी
संकल्प: कामाच्या वेळी कोणाशीही गप्पा नाहीत. साहेबांनी मोठी जबाबदारी दिली आहे. पंपांच्या मालासाठी नवा ऑब्जेक्ट-रिलेशनल डेटाबेस आलाय. एकाच नोंदीच्या पोटात अख्खा पंप, सुट्या पार्टसकट. त्याला स्टाफने प्रश्न कसे विचारायचे, ते मी ठरवायचं. पर्याय तीन: बटणांचा सोपा स्क्रीन, प्रोग्रामरांचा ऑब्जेक्टवाला मार्ग किंवा सरळ एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसची प्रश्नभाषा, टाइप करणं.
तेवढ्यात स्टोअरच्या मॅडम आल्या. रोज चहाच्या आधी येतात, अमुक बेअरिंग किती शिल्लक म्हणून. मी शोधून देईपर्यंत उभ्या उभ्या बोलतात. आज त्यांची मांजर जेवत नाही, हा विषय. फार व्यत्यय.

४ जून
मॅडम रजेवर. काम भरपूर व्हायला हवं होतं. झालं नाही. हवा कोंदट होती.

७ जून
बटणांचा स्क्रीन बाद. तो आला तर मॅडमना माझ्याकडे यायची गरजच नाही. म्हणजे, सुरक्षेच्या दृष्टीने तो कच्चा आहे. ऑब्जेक्टवाला मार्ग मलाच नीट कळला नाही, तोही बाद. राहिलं एसक्यूएल. ते शिकवावं लागतं. शिकवणार कोण? अस्मादिक. निर्णय निव्वळ तांत्रिक आहे.
संध्याकाळी ताईचा फोन. दिवसभर कोणाशी बोलतोस की नाही, म्हणाली. सांगितलं, माणसांनी जीव नकोसा केलाय. नंतर टीव्ही लावला, नुसता आवाजाला.

१० जून
अहवाल दिला. साहेबांनी न वाचता सही केली. मी माझ्या टेबलाशेजारी दुसरी खुर्ची मागवून घेतली, हातांची. सोमवारपासून वर्ग. शर्टाला इस्त्री करणे.

१४ जून
वर्गाला मॅडम एकट्याच! बाकीच्यांचा निरोप: आमचंही मॅडमच विचारतील. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. मांजर आता दूध पिते. अभ्यासक्रम वर्षभर सहज पुरेल.

१७ जून
पंपाच्या पोटातल्या पार्टचा प्रश्न मॅडमनी स्वतःच लिहिला. मी लिहिलेल्यापेक्षा छोटा. याहून चांगली पद्धत आहे, उद्या दाखवतो, असं म्हणालो. रात्री शोधली. नाही.

१८ जून
मॅडम खुर्चीत बसल्या नाहीत. उभ्यानेच म्हणाल्या, "किती सोपं करून दिलंत हो. आता तुम्हाला रोजचा त्रास नाही."
त्रास कसला, असं मी म्हणालो. त्यांना तो सभ्यपणा वाटला.

२४ जून
शांतता. हवी होती तीच. मॅडमनी स्टोअरमधून टाइप केलेले प्रश्न माझ्या स्क्रीनवर येतात आणि उत्तर घेऊन जातात. एखादा तरी चुकेल म्हणून वाट पाहिली. सगळे बिनचूक. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. करमत नाही.
अकाउंट्सवाला खुर्ची न्यायला आला. कोणी बसतं का, म्हणाला. खरं ते सांगितलं.

२५ जून
चहाच्या आधी स्वतःच स्टोअरमध्ये गेलो. काउंटरशी उभं राहून विचारलं, मोठ्या पंपाची बेअरिंग्ज किती शिल्लक आहेत. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.
"अहो, ते तुमच्याच स्क्रीनवर दिसतं ना?"
दिसतं. पाहूनच गेलो होतो.
मांजर कशी आहे, ते विचारायचं राहिलं.