रितिका रागावत नाही

११ जुलै २०१७

भाजीत मीठ दोनदा पडलं. अश्विननं एक घास घेतला आणि ताट सरकवलं. सासूबाईंनी लोणचं मागितलं. रितिकानं मात्र सगळी भाजी संपवली, घोट घोट पाणी पीत. मी विचारलं, "खारट नाही लागली का वं?" "नाही मावशी, चांगली आहे."

सहा वर्षांची पोर! काटोलला केजीत शिकवत होते तेव्हा या वयाच्या पोरांनी मला डबे फेकून मारले आहेत. सासूबाईंना कौतुक — "माय गेली तेव्हापासून एका शब्दानं उलटून बोलली नाही. लय समजदार पोट्टी आहे." मला नाही आवडलं. अश्विनशी लग्न करून येऊन महिना झाला, आणि त्याची ही लेक माझ्याशी पाहुण्यासारखी वागते. पाहुण्याशी कोणी भांडत नाही.

एकदा तरी रुसावी माझ्यावर. मग मी समजेन, मी हिची कोणी तरी लागते.

२२ ऑगस्ट २०१७

आज तान्हा पोळा, पोरांचा सण. सकाळी आमच्या गॅलरीखालून मारबत गेली. केवढा मोठा पुतळा तो, आणि केवढी गर्दी! लोक जीव तोडून ओरडत होते — "रोगराई, खासी-खोकला घेऊन जा गे मारबत!" पिवळी बाई डुलत डुलत पुढे गेली. सगळी इडापिडा घेऊन जळायला जाते म्हणे. सासूबाईंनी हात जोडले.

रितिका दिसेना. शोधली तर दिवाणामागे, कानात बोटं घालून. "पोट दुखते." मी तिच्यासाठी लाकडी नंदी आणला होता, शिंगांना बेगड लावून. संध्याकाळी घरोघरी फिरवायला नेणार होते. राहिलं. सासूबाई म्हणाल्या, पुतळ्याले भिते. असेल. या वयात निर्जीव वस्तूतही जीव दिसतो. माझी केजीतली पोरं ठेच लागली की पायरीलाच धपाटा घालायची.

१९ जानेवारी २०२०

माझा विक्की सात महिन्यांचा झाला. मी पदर तोंडावर घेतला की त्याचा चेहरा पडतो. पदर ओढत नाही, शोधत नाही. त्याच्या लेखी मी संपलेच. पदर काढला की खुदकन हसतो.

रितिका पाहत होती. "मावशी, त्याले वाटते का तू मेली?"

म्हटलं, त्याला मरण कुठलं कळायला. दिसलं की आहे, नाही दिसलं की नाही. दोन-चार महिन्यांनी कळेल, पदरामागे मी असतेच म्हणून.

"अन् खरंच नसली तर?"

 जवळ घेतलं तिला. अंग काठीसारखं ताठ. थोड्या वेळानं सुटून म्हणाली, "विक्कीचं दूध गरम करून देऊ?"

बाथरूममध्ये नळ सोडून रडले. तीन वर्षं होत आली. अजून मी मावशीच, आणि तीही दुरून.

१४ सप्टेंबर २०२१

गल्लीत डेंग्यूचे पेशंट वाढून राहिले. रितिकाची आई, चारूताई, डेंग्यूनंच गेली, सहा वर्षांपूर्वी याच दिवसांत. म्हणून घरात कोणी तो शब्द काढत नाही. आज रितिकानंच काढला.

"डेंग्यू मच्छरानंच होते ना, मावशी?" हो म्हटलं. "दुसऱ्या कशानंच नाही?" नाही. "नजरेनं-बिजरेनं?" म्हटलं, आजीचं काही ऐकू नको. कागदावर मच्छर काढून दाखवला, कसा चावतो, रक्तात काय जातं. मान डोलवत होती. मग उठून कूलर, कुंड्या, चिमण्यांची वाटी, सगळं उलटं करून आली.

अश्विनला सांगितलं, पोरीला सायन्स आवडते.

२६ नोव्हेंबर २०२३

बाबांनी काटोलहून संत्री पाठवली. रितिकानं विक्कीची गंमत केली. पाच संत्री जवळ जवळ मांडली, पाच दूर दूर. विचारलं, जास्त कोणती? साहेबांनी दूरची ओळ कवेत घेतली. तिनं मोजून दाखवली. त्यानंही मोजली, पाच आणि पाच. तरी म्हणतो, "हे माही लाईन मोठी आहे, हेच जास्त."

मी हसत होते. ती हसली नाही. म्हणाली, "मोजता येते त्याले, तरी पटत नाही. असंच होते, मावशी. माहीत असते, पण पटत नाही."

बारा वर्षांची पोर, बोलते आजीसारखी. तिच्या वर्गातल्या पोरी आयांशी कचाकचा भांडतात, शेजारच्या शोभाताई तर रोज रडतात. मी त्यांचा हेवा करते! कोणाला सांगू हे?

३ सप्टेंबर २०२४

 आज जे झालं ते लिहून ठेवते.

मारबत आली. विक्की गॅलरीच्या कठड्यावर चढत होता, म्हणून रितिकानं आतून त्याला दटावलं. ती स्वतः या दिवशी गॅलरीत येत नाहीच. विक्कीला आला राग. खाली सगळे ओरडत होते, हाही ओरडला — "तायडीले घेऊन जा गे मारबत!" खालचे हसले. सासूबाईही हसल्या.

रितिका धावत आली आणि तिनं त्याचं तोंड दाबलं. "परत घे. म्हण, नको नेऊ. म्हण लवकर!" त्याच्या गालात नखं रुतली. मी पोराला ओढून घेतलं आणि ओरडले तिच्यावर, सात वर्षांत पहिल्यांदा. ती तिथंच खाली बसली.

"मी बी असंच म्हटलं होतं."

मग सगळं बाहेर आलं. तेव्हा ती साडेचार वर्षांची. अंगात ताप, म्हणून चारूताईनं नंदी घेऊन बाहेर जाऊ दिलं नाही. हिनं याच गॅलरीतून ओरडून सांगितलं — आईले घेऊन जा गे मारबत. महिनाभरात चारूताई गेली.

"मले माहीत आहे, मच्छरानं गेली. मी का येडी आहो? पण तरी वाटते, मीच दिली तिले. म्हणून तुह्यावर कधी रागावत नाही मी. मनातल्या मनातही नाही. राग येऊन राहिला की पाढे म्हणते. तू बी गेली असती तर?"

हे देवा. मी समजत होते, या पोरीची मी कोणीच नाही. आणि ती इतकी वर्षं माझा जीव सांभाळत होती.

मच्छराचं चित्र काढण्यात आता अर्थ नव्हता. म्हटलं, "ऐक. तुझ्या आजीवर मी मनात किती वेळा चिडले आहे, काय काय म्हटलं आहे, ते इथं बोलता येणार नाही. काही झालं का त्यांना?" सासूबाई बाजूलाच उभ्या. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. तर त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "मी बी काही कमी नाही म्हटलं हिले. पाह्य कशी टुणटुणीत आहे."

रितिका हसली, आणि मग जी रडायला लागली! मांडीवर डोकं ठेवून रडली. अंग ताठ नव्हतं.

५ सप्टेंबर २०२४

तेरा वर्षांच्या रितिकाला पटलं आहे. साडेचार वर्षांची अजून आत बसून आहे. तिच्याशी घाई करून चालणार नाही.

१८ जून २०२५

शाळा आठवड्यावर आली, म्हणून रितिकाचा मोबाईल काढून घेतला. केवढी भडकली! "तू एकदम खराब आहे. मले तुह्याशी बोलायचंच नाही." खोलीचं दार असं आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं. मी पोळ्या लाटत बसले. थोड्या वेळानं दार किलकिलं झालं. डोकं बाहेर काढून तिनं पाहिलं, मी आहे का.

मी होते.

दार पुन्हा आपटलं.