टाकी चौकातला बॅनर

३ डिसेंबर

चार महिने एक ओळ लिहिली नाही. माफ कर. वहीची माफी मागणं हास्यास्पद आहे, पण दुसरं कोण वाट बघत होतं? सगळे दिवस त्या बसथांब्याच्या मागे गेले. लिहिलं असतं तर नुसती तक्रारच झाली असती.

पण आज थांबा सुरू झाला! टाकी चौकात. वडवणीची गाडी थांबली, तेलगावची थांबली. आता मुलींना स्टँडवर उतरून, उसाच्या ट्रॅक्टरांच्या कडेकडेने चालत यायला नको. गाडीतून पहिली उतरली ती सत्यभामा – माझ्या भूगोलाच्या वर्गातली, वडवणीकडच्या वस्तीवरची. वडील मेंढरं राखतात. "मॅडम, आज पहिलं लेक्चर न्हाई बुडणार!" असं ओरडतच आली.

घरी हे म्हणाले, "आता काय, नगरसेविका व्हायचं का?" आमची सायली खूप हसली.

मोहिनीबाई आज खूश आहेत. झोपावं.

६ डिसेंबर

लिहून ठेवते, म्हणजे पुढे नाकारता येणार नाही. पालिकेच्या साहेबांना थांबा पुढच्या सिग्नलपाशी हवा होता, तिथे वाहनं थांबतात म्हणून. मीच हट्ट धरला – कॉलेजच्या फाटकासमोरच पाहिजे. आमचं घरही तिथेच; कॉलेज रस्त्याच्या पलीकडे, आम्ही अलीकडे. सायलीला सकाळी रस्ता ओलांडून पलीकडे वडवणीची गाडी धरायची असते. तिचं फार्मसी कॉलेज त्या वाटेवर. मग हट्टात मुलींची सोय किती आणि माझ्या मुलीची किती?

१० डिसेंबर

चौकात बॅनर लागला. बद्रीभाऊंचा वाढदिवस. बद्रीनाथ हे आमच्या भागाचे होऊ घातलेले पुढारी. वर त्यांचा हात जोडलेला फोटो, चार माणसांएवढा. खाली शुभेच्छुकांचे चौकोन – त्यात आमच्या दुकानाशेजारचा गहिनीनाथसुद्धा, गॉगल लावून.

लावलाय कुठे, तर दुभाजकात ओलांडायला जी फट ठेवली आहे, तिच्या कडेला. बांबू रोवून, जमिनीपासून वरपर्यंत. अर्धा रस्ता पार करून त्या फटीत उभं राहिलं, की शहराकडून येणारी वाहनं दिसतच नाहीत. समोर नुसता गहिनीनाथचा गॉगल. डोकं बाहेर काढावं लागतं. आणि गाडीवाल्याला आपण दिसतो, तेव्हा आपण रस्त्यातच असतो.

मी आज तीनदा ओलांडलं. तिन्ही वेळा पळतच.

११ डिसेंबर

वडवणी गाडीचे ड्रायव्हर आश्रुबा काका मला बघून खिडकीतून वाकले. "मॅडम, त्या भाऊच्या मागून पोरी एकदम म्होरं उगवत्यात वो! आज ब्रेक मारला म्हून बरं. माझ्या गाडीचा ब्रेक तरी हाय. ट्रॅक्टरवाल्याचा असंल का?"

मागून कंडक्टर म्हणाला, "काका, भाऊंला हॅपी बर्थडे म्हणा अन् चला बे."

सगळी गाडी हसली. मीही हसले. का हसले?

१२ डिसेंबर

पालिकेत फोन केला. "मॅडम, वाढदिवस तर होऊ द्या."

यांना म्हटलं, मीच दोर सोडू का? यांचा चेहरा उतरला. "हात लावू नको. मागल्या वर्षी कोणाचा तरी वाऱ्यानं फाटला, तर दिवसभर बाजार बंद. वाऱ्यानं फाटला तरी ह्या पुढाऱ्यांना दोष द्यायला माणूस सापडतो. आपलं दुकान रस्त्यावर आहे."

खरं आहे. ठिबकच्या नळ्या आणि फवारणीचे पंप रस्त्यावरच मांडलेले असतात. एक काडी पुरे.

सायलीला सांगितलं, ओलांडताना कानातले इअरफोन काढत जा. ती म्हणाली, "काढतेच गं आई. पण ऐकू येऊन काय उपयोग? दिसायला पाहिजे ना."

१५ डिसेंबर

वाढदिवस झाला. बॅनर तसाच. आमच्याकडे लावणारे पुष्कळ, उतरवणारा कोणी नाही. एकावर दुसरा चढतो, तेव्हाच पहिला जातो. हे मला माहीत होतं. तरी तीन दिवस "वाढदिवस होऊ द्या" या शब्दावर काढले. मला ते सोयीचं होतं.

१७ डिसेंबर

सत्यभामा.

१८ डिसेंबर

काल लिहिता आलं नाही. सकाळी फटीतून पुढे आली आणि दुधाच्या मोटारसायकलने उडवलं. मांडीचं हाड मोडलं. डोक्याला मार नाही. डॉक्टर म्हणाले, मोटारसायकल होती म्हणून. पुढचं वाक्य ते बोलले नाहीत, पण रात्रभर मीच ते पुरं करत होते. ट्रॅक्टर असता तर. दोन ट्रॉल्यांचा असता तर. तिच्या मागे सायली असती तर.

दवाखान्यात तिचे वडील सटवा भेटले. घोंगडी खांद्यावर, भिंतीला टेकून उभे. मला वाटलं, आता बोलतील. बोलले तर बरं होईल. ते म्हणाले, "बाई, तुमी थांबा आणला म्हून तर पोरगी रोज यायलती. लई उपकार तुमचे. पर आता न्हाई धाडायचं. बास झालं."

सत्यभामा पलंगावरून ओरडली, "दादा, पाय मोडलाय, डोस्कं न्हाई मोडलं!"

"गप. मेंढराचा पाय मोडला तरी मी त्याला त्याच वाटंनं नेत न्हाई."

बॅनर काढते, मग धाडाल का, असं विचारलं. "तुमी काढणार? भाऊचा?" आणि मग हळू, "आधी निघू तर द्या."

२० डिसेंबर

आज बद्रीभाऊंच्या ऑफिसात गेले. एकटी. यांना सांगितलं नाही. दहा-बारा माणसं बसलेली. चहा पुढे आला. मी बशी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. मुलीचं नाव, हाड, फट, बॅनर.

भाऊ रागावले नाहीत! हेच वाईट. रागावले असते तर कळलं असतं.

"ताई, एवढ्यासाठी तुमी आलात? फोन करायचा. उद्या निघतो." मग पोरांकडे बघून, "बघा बे, हे असतं काम. बाईमाणूस असून थांबा आणला. आपण काय केलं? केक कापला." सगळे हसले. मग माझ्याकडे वळून, त्याच हसऱ्या आवाजात – "उत्तरेश्वररावांचं दुकान बरं चाललंय ना? अन् सायली? सकाळच्या वडवणी गाडीनंच जाती ना ती?"

हो म्हटलं. मी तिचं नाव घेतलं नव्हतं.

निघताना त्यांचा कार्यकर्ता हरिओम मोबाईल घेऊन पुढे आला. "ताई, जरा इकडं बघा." फोटो काढला. कशाला, हे विचारायचं धाडस झालं नाही. बाहेर येऊन आमच्या दुकानाच्या पायरीवर बसले.

त्यांनी सहज विचारलं असेल. आमच्या भागात सगळ्यांना सगळ्यांची मुलं माहीत असतात. मी त्यांच्यावर उगाच संशय घेते आहे का? की उगाच विश्वास ठेवते आहे?

२१ डिसेंबर

निघाला! खरंच निघाला. फटीत उभं राहिलं की पार पेट्रोल पंपापर्यंत रस्ता दिसतो. आश्रुबा काकांनी लांबूनच हॉर्न वाजवला. हे म्हणाले, "तू गेली होतीस?" रात्री यांनी दुकानाचं कुलूप दोनदा जाऊन बघितलं.

बांबू मात्र तसेच उभे आहेत.

२२ डिसेंबर

सटवांना निरोप धाडला – बॅनर निघाला. उत्तर – "दोन दिस बघू. पोरगी रडायलीय."

२४ डिसेंबर

सायली संध्याकाळी धापा टाकत आली. "आई, चौकात तू लागलीयेस!"

तशीच फटीत जाऊन उभी राहिले. त्याच बांबूंवर. पहिल्यापेक्षा मोठा. "थांबा आणणाऱ्या आमच्या कर्तबगार भगिनी मोहिनीताई यांचे हार्दिक अभिनंदन." वर बद्रीभाऊ हात जोडून. खाली, माणसाच्या उंचीला, माझा चेहरा – ऑफिसातला, घाबरलेला, त्यांनी गोरा केलेला. शेजारून ट्रॅक्टर गेला, तो आवाज आल्यावरच कळला.

"येताना मुद्दाम फटीत गेले, तुझ्या हनुवटीपाशी उभी राहून डोकावले," सायली म्हणाली. हसत नव्हती.

हे म्हणाले, "आता तर बोलायची सोयच राहिली नाही."

सटवा परवा पोरीचा दाखला काढायला येणार म्हणून निरोप आहे. दवाखान्यात येता-जाता त्यांनी बॅनर बघितला असणार. त्यांना काय वाटलं असेल, ते लिहवत नाही.

अंधार पडायच्या आधी परत जाऊन फटीत उभी राहिले. भाऊंच्या फोटोला हात लावायची माझी छाती नाही. ती आजही नाही. पण भाऊ वर आहेत. आड येतो तो खालचा चौकोन. त्यात मीच आहे. तेवढा कापला, तर फटीतल्या मुलीला गाडी दिसेल आणि गाडीला मुलगी.

भीती गेली नाही.

उद्या – पहिल्या गाडीच्या आधी विळा घेऊन चौकात जाणे. फक्त माझा फोटो कापणे.