लाफ ॲट, लिसन टू

२८ ऑगस्ट १९७६

चौथ्यांदा फॉर्म भरला! बाकी सगळे विषय सुटलेत, इंग्रजी तेवढं मानगुटीवर बसलंय. गावात दूध संस्था निघाली आहे, तिला सचिव मॅट्रिक पास पाहिजे. चेअरमन आबाराव म्हणाले, "ह्या निकालापातूर जागा धरतो. न्हाय जमलं तर उमरग्याचा मानूस घेतो, मग रुसू नगंस." दुष्काळात शाळा सोडून खडी फोडली. पुन्हा तो हातोडा नको.

५ सप्टेंबर

जळकोटला महालिंगप्पा गुरुजींनी सराव पेपर सोडवून घेतला. सगळा घोळ क्रियापदापुढच्या शब्दांत! मराठीत "वर" म्हटलं की भागतं — माणसावर हसतो, देवावर विश्वास ठेवतो, पावसावर अवलंबून राहतो. मी तिन्हीकडं "ऑन" ठोकलं. बरोबर आलं एकच, शेवटचं. हसायचं ॲट, विश्वास इन! का, म्हणून विचारलं. गुरुजी म्हणाले, "का-बिका विचारू नको. जोडीनं पाठ कर." येताना जुनं गाईड दिलं.

६ सप्टेंबर

गाईडातलं जोड्यांचं पान सुटंच झालंय. घडी करून खिशात ठेवलं. सायकलवर घोकता येईल.

११ सप्टेंबर

कस्तुरा (बायकोचं नाव मी तोंडानं घेत नाही, पण इथं कोण बघतंय!) सातवी शिकलेली. संध्याकाळी म्हशीची धार काढून झाली की गाईड मांडीवर घेऊन बसते.

"लाफ?" — "ॲट."

"लिसन?" — "...फ्रॉम?"

"टू! फिरून म्हणा."

आई चुलीपुढून ओरडली, "आगं, नवरा हाय त्यो, साळंतलं पोरगं न्हाय!" ही मान वर न करता — "वेट?"

२० सप्टेंबर

भांडण. मी "डिस्कस अबाऊट" म्हणालो. "डिस्कसपुढं काईच लागत न्हाय, किती डाव सांगू?" माझं डोकंच फिरलं. सातवी पास मला शिकवणार! जेवलो नाही. तीही जेवली नाही.

२१ सप्टेंबर

खिशातलं पान काढून पाहिलं. तिचंच बरोबर. संध्याकाळी भाकरी मागून घेतली.

१५ ऑक्टोबर

उमरग्याला इंग्रजीचा पेपर दिला. गाळलेल्या जागा दहा. पहिलीलाच अडलो. मग तिचा आवाज आठवला — "डिपेंड?" — आणि नऊ जागा भरून टाकल्या. स्टँडवर चहा घेताना एकटाच हसत होतो.

९ डिसेंबर

पास! इंग्रजीत एक्केचाळीस!! छातीवरचा धोंडा उतरला. आईनं गल्लीभर साखर वाटली. आबाराव म्हणाले, "सोमवारपासनं डेअरीत बस." ढसाढसा रडलो, लाज वाटली नाही. किती हलकं वाटतंय!

१० डिसेंबर

पान गाईडात परत ठेवायला गेलो आणि थांबलो. हे तर तीन महिने माझ्या खिशात! मग ही रोज मांडीवर काय बघत होती?

विचारलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमी आणलं त्याच दिशी वाचलं, ध्यानात ऱ्हायलं. मोकळ्या हातानं इचारलं असतं, तर ऐकलं असतं का?"

नसतं ऐकलं.

१३ डिसेंबर

डेअरीतून येताना गुरुजींकडून सतरा नंबरचा फॉर्म आणला — बाहेरून मॅट्रिकला बसायचा. नाव तिनं स्वतः लिहिलं. संध्याकाळी प्रश्न मी विचारले. पान बघून.