सावरतळच्या शाळेचा चौथा खांब

मी, खाली सही करणार शेषेराव ग्यानोबा चेवले, वय ६४, धंदा सार्वजनिक जागांवर ताणलेल्या कापडाची छतं उभारणे, राहणार अहमदपूर, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कुणाच्या धाकात किंवा नशेपाण्यात नसताना लिहून ठेवतो. काळजात स्प्रिंग बसवलेली आहे आणि साखर वाढलेली असते, पण डोके ठिकाणावर आहे. आज सकाळीच चहा फिका केला म्हणून बायकोशी भांडलो आणि ते भांडण मीच हरलो, हे मला नीट आठवते.

मजकूर मी सांगतो आहे आणि आमच्या गल्लीतले, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले पेशकार शिवलिंगअप्पा स्वामी लिहून घेत आहेत. "हे मृत्युपत्रात बसत नाही," असे ते दोनदा म्हणाले आहेत. बसत नसेल तरी लिहावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.

१. राहते घर पत्नी कावेरीबाई हिचे, तिच्या हयातीपर्यंत तिच्या एकटीचे. तिच्यानंतर मुलगा हनुमंत व मुलगी दीपाली यांना समान. समान म्हणजे समान. "तिला लग्नात दिलंय की" हे वाक्य माझ्या घरात कुणी उच्चारू नये. लग्नात मंडप आमचाच होता, त्यामुळे मी म्हणावा तेवढा खर्चही केलेला नाही.

२. शेत तीन एकर होते. त्यातले दोन एकर विकून मी कापड चिकटवायचे गरम हवेचे यंत्र आणले, तेव्हा शेषेरावला याड लागले असे भावकीने गावभर केले. उरलेले एक एकर दोन्ही मुलांनी सामाईक ठेवावे.

३. लातूर रोडवरची शेड, यंत्र आणि धंद्याचे नाव हनुमंत याला. ठेकेदारीची नोंदणी त्याच्याच नावावर आहे. माझे वडील लग्नाचे मंडप घालायचे, मीही पंधरा वर्षे तेच केले. मग हैदराबादला एका स्टेशनाबाहेर पांढरे छत पाहिले. खाली शंभर माणसे उभी, मध्ये एकही खांब नाही. मी गाडी सोडली आणि दिवसभर वर बघत बसलो. आमचे पहिले काम म्हणजे एका देवस्थानाबाहेरचा चप्पल ठेवायचा मांडव. लोक देवाच्या आधी त्याचाच फोटो काढायचे. हे सांगताना मला आजही बरे वाटते, ते लपवत नाही.

४. चेन पुली, नट आवळायचे पाने, दोर कापायची कात्री आणि माझी मोटारसायकल उमाशंकर बिरादार याला. बावीस वर्षे तो माझ्याबरोबर खांबावर चढला. मी त्याला शिव्या पुष्कळ दिल्या, शाबासकी एकदाच दिली, तीही त्याच्या माघारी.

५. चुलतभाऊ श्रीमंत याने २०११ साली "दोन दिवसांत आणतो" म्हणून नेलेली चाळीस फुटी शिडी त्याच्याकडेच राहू द्यावी. मात्र तेराव्याला येऊन "शेषेरावानं मला माफ केलं" असे तो म्हणाला, तर त्याला हे कलम वाचून दाखवावे.

६. आता जे सांगायचे ते.

आमचे छत उभे राहते ते ताणावर. चार खांब असतात. प्रत्येक खांबाला मागून ओढून धरणारा पोलादी दोर असतो आणि दोराचे दुसरे टोक जमिनीत पुरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याला बांधलेले असते. दोर आवळायला मध्ये एक लांब पेच असतो. ठोकळा सरकला की दोर सैल होतो, दोर सैल झाला की कापड वाऱ्यात फडफडते, आणि फडफडणारे कापड खांबालाच उपटून काढते.

जळकोट तालुक्यात मौजे सावरतळ येथे शाळेच्या मैदानावर आम्ही २०१८ साली असे छत घातले. उद्घाटन सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनानंतर ठरले होते. पत्रिका वाटून झाल्या होत्या. तीन ठोकळ्यांच्या खड्ड्यांना सहा फुटांवर मुरूम लागला. चौथ्याला दहा फूट गेलो तरी नुसती भुसभुशीत भर. खिचडी शिजवणाऱ्या साखराबाई पदराला हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "मालक, हितं आड व्हता. माझ्या सासऱ्यानं बुजवला. हितं काय बी टिकायचं न्हाई."

दीपाली तेव्हा आमचे नकाशे काढायची. लातूरला डिप्लोमा करून आलेली. ती म्हणाली, "बापू, ठोकळा दोन मीटर बाजूला घेऊ. कापड नव्यानं कापावं लागंल, तारीख पुढं जाईल, पण जाऊ द्या." मंडपाचा खांब हलवला तर कापडाला चुणी पडते, बाकी काही होत नाही. हे कापड मात्र मापाने कापलेले, एक टोक हलले की सगळे वाया. तिचे बरोबर होते. मला ते तिथेच, त्या क्षणी कळले होते.

मी काय केले? मंडपवाला जे करतो ते. मेख मऊ जमिनीत ठरत नसेल तर आम्ही भोवती दगड कोंबतो आणि ठोकतो. मी ट्रॅक्टरच्या तीन ट्रॉल्या दगड त्या आडात टाकायला लावले आणि वर काँक्रीट ओतले. मंडप चार दिवस उभा राहायचा असतो. हे छत वीस वर्षांसाठी होते. दीपाली पुन्हा बोलली, तेव्हा मी सगळ्या माणसांसमोर म्हणालो, "तुझा डिप्लोमा तुझ्या सासरी घेऊन जा." तिने मोजपट्टी दगडावर ठेवली आणि पायीच एसटीच्या फाट्याकडे गेली. आता ती बिलोलीला सासरी असते, लोकांचे नकाशे काढून देते. पंचमीला आईला भेटायला येते. माझ्याशी एवढेच बोलते, "जेवलात का?"

काळी माती सप्टेंबरात फुगलेली असते, सगळे घट्ट धरते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. पहिल्याच मार्चमध्ये तो दोर सैल सापडला. मी आवळला. तेव्हापासून दर मार्चला मी एकटाच जातो, पेच आवळतो आणि परत येतो. हनुमंताला माहीत नाही, उमाशंकरलाही नाही. हेडमास्तर म्हणतात, "चेवलेसाहेब, फुकट सेवा देणारा असा माणूस पाहिला नाही." चहा पाजतात. तो चहा मी अर्धाच ठेवून उठतो.

परवा सातव्यांदा गेलो. पेचाचे तीन आटे उरले आहेत. त्यानंतर आवळायला काही नाही. खाली दोनशे दहा लेकरे खिचडी खायला बसतात.

७. दीपाली हिला माझे सगळे नकाशे आणि कामांच्या वह्या. शिवाय ती बरोबर होती आणि मी चूक होतो, हे वाक्य. ते अप्पांनी ठळक अक्षरात लिहावे.

८. माझ्या मृत्यूनंतर एक महिन्याच्या आत सावरतळचे छत माझ्या ठेवीतून उतरवावे. हयातीत का नाही, तर कागदोपत्री सही हनुमंताची आहे. नांदेडचे मोठे काम त्याला नुकतेच मिळाले आहे. आज हे उघडे पडले तर त्याचे नाव काळ्या यादीत जाईल. मी गेल्यावर बोलले तर दोष मेलेल्या माणसावर जाईल आणि पोराचे काम वाचेल.

इथपर्यंत झाल्यावर शिवलिंगअप्पांनी सगळे मोठ्याने वाचून दाखवले, कारण कावेरीबाईला वाचता येत नाही. ती मेथी निवडत ऐकत होती. घर तिच्या नावावर केल्याचे ऐकूनही तिचे हात थांबले नाहीत. आठवे कलम संपल्यावर तिने जुडी खाली ठेवली.

"आवं, तुमी मरुस्तोर ती लेकरं कुठं बसायची?"

मी म्हणालो, "हनमंताचं वाटोळं होईल."

"काम जाईल त्याचं. जीव तर न्हाई ना जायचा? त्या लेकरायच्या माय काय म्हंतील तुमाला?"

अप्पांनी पेन बंद केले. सात वर्षे मी पोराला वाचवतो आहे असे स्वतःला सांगत आलो. खरे म्हणजे मी स्वतःला वाचवत होतो. मेल्यावर सांगायची कबुली ही कबुली नसते, हे मला आमच्या अंगणात, मेथीच्या काड्यांसमोर कळले.

९. कलम ८ रद्द. अप्पांनी त्यावर रेघ मारली आहे आणि शेजारी माझी सही आहे.

दुपारी तीन फोन केले. हेडमास्तरांना सगळे खरे सांगितले. ते म्हणाले, "उद्यापासून मैदानात कुणी येणार नाही." हनुमंताला नांदेडला लावला. तो म्हणाला, "बापू, मे महिन्यात सुट्टीत गुपचूप काढू की. आत्ताच कशाला बोंबलून राहिलात?" मंगळवारपासून गारपिटीचा इशारा आहे आणि तो खांब पडला तर पहिलीच्या वर्गाच्या पत्र्यावर पडतो, असे मी त्याला सांगितले. त्याने फोन ठेवला. पुन्हा उचललेला नाही. पाया मी भरला, त्याला काहीच माहीत नव्हते, हे मी इथे लिहून देतो. ज्याला लागेल त्याने हा कागद दाखवावा.

तिसरा दीपालीला. मी बोलत गेलो. शेवटी तिने विचारले, "आटे किती राहिले?"

"तीन."

"मी सकाळच्या गाडीनं निघते. उदगीरहून क्रेन मीच सांगते. मी येईस्तोर पेचाला हात लावू नका, बापू." सात वर्षांत तिने मला बापू म्हटले नव्हते.

१०. तीन आट्यांवर आलेला दोर सोडताना क्रेन लावली तरी एक माणूस खांबाच्या बुडाशी लागतोच. उमाशंकर म्हणाला, "मालक, तुमच्या काळजात स्प्रिंग हाय. मी थांबतो तितं." त्याला मी नाही म्हटले आहे. दगड त्याने टाकले, पण टाक म्हणणारा मी होतो. त्याची ऋतुजा अजून दुसरीत आहे. काही बरेवाईट झालेच, तर उमाशंकर, दीपाली किंवा क्रेनवाला यांपैकी कुणालाही जबाबदार धरू नये.

अप्पांचे म्हणणे, सही घाईने नको, चार दिवसांनी पक्क्या कागदावर उतरवून निवांत करू. मी ऐकलेले नाही. उद्या सकाळी अकराला मी त्या खांबाखाली उभा असेन, म्हणून सही आजच करतो.

सही: शेषेराव ग्यानोबा चेवले

वरील मजकूर आमच्यासमोर वाचला गेला. शेषेराव यांनी शुद्धीवर असताना आमच्या देखत सही केली व आम्ही त्यांच्या देखत.

साक्षीदार १: शिवलिंग स्वामी, निवृत्त पेशकार, अहमदपूर
साक्षीदार २: व्यंकटराव मुंडकर, किराणा दुकानदार, अहमदपूर

(उमाशंकर बिरादार यास कलम ४ प्रमाणे वस्तू मिळत असल्याने साक्षीदार म्हणून घेतलेले नाही. तो अंगणातच बसून आहे. कलम १० आपल्याला मान्य नाही, असे लिहून घ्या म्हणतो. लिहून घेतले. शि. स्वामी)

ठिकाण: अहमदपूर
दिनांक: ९ मार्च २०२५, रविवार