खुर्चीचं पान

नेब्रास्का, फेब्रुवारी १९१२

एल्मर,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं नाव.

न्यूयॉर्कहून तुझी कादंबरी आली. आईला आता दिसत नाही, म्हणून मीच तिला वाचून दाखवते. सातव्या प्रकरणात आपलंच गवताळ मातीच्या ढेपांच्या भिंतींचं घर आहे, आणि हिमवादळात मुलाची पुस्तकं चुलीत घालणारी एक अडाणी आई आहे. अरे, जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळगायचीस! त्या वादळात गोवऱ्या संपल्या तेव्हा आईने तिच्या आईची झुलती खुर्ची कुऱ्हाडीने फोडली. तुझ्या एकाही पुस्तकाला हात लावला नाही. त्याच उबेला पाय शेकत तू वाचत बसला होतास!

ते पान मला वाचवेना. पुस्तकातलंच वाचतेय असं भासवून मी खुर्चीची खरी गोष्ट सांगितली. आईने हात पुढे करून पान चाचपलं. मग म्हणाली, "कोरा, पोरगं विसरलं नाही गं! वाच बघू परत."

आता रोज तेच पान. शेजारच्या हिल्डाकाकूंनाही बोलावून ऐकवलं. आज म्हणते, "त्याला कळव, खुर्चीचं पान सगळ्यात छान उतरलंय."

काय कळवू, कपाळ? तू उलट टपाली विचारशील, "कुठली खुर्ची?"

म्हणून हे पत्र त्याच चुलीत जाईल.

तुझ्या कादंबरीतलं सगळ्यात छान पान रचणारी,
तुझी बहीण कोरा