जळूमाणसाचे खिसे

३ मार्च, दुपारी १
आजपासून राक्षसी प्राण्यांचे सिनेमे बंद. डॉक्टर म्हणाले, प्रेशर वाढलंय. ही म्हणाली, आणखी एकदा ओरडलात तर टीव्ही लेकीकडे पाठवीन. मी कशाला ओरडतोय?

३ मार्च, दुपारी ३
पाचच मिनिटं पाहिला. अभ्यास म्हणून. खेकडा ट्रकएवढा. रक्त टोमॅटो सॉसचं, आतडी म्हणजे ओल्या नाड्या. चाळीस वर्षं शिवणकाम केलंय, मला कोण फसवणार? तरी डोळ्यांवर हात घेतला की बोटं आपोआप फाकतात. ओरडलो नाही. खोकलो. हिला तसंच सांगितलं.

७ मार्च
देव पावला! कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला सिनेमा काढतोय. बजेट नाही, म्हणून राक्षसाचा ड्रेस शिवायला माझ्याकडे आला. राक्षस म्हणजे जळूमाणूस. हेच माझं औषध. ज्याने राक्षस शिवला तो राक्षसाला काय भिणार? हिला पटवलं. ही म्हणाली, खुशाल शिवा, टीव्हीची अट तीच.

१२ मार्च
सोफ्याचं जुनं रेक्झिन, दोन रेनकोट, तोंडाभोवती फरशी पुसायच्या मॉपची झालर. पोटाची शिवण मुद्दाम कच्ची ठेवलीय, आतडी झटकन बाहेर यावीत म्हणून. झेरॉक्सवाल्याला म्हटलं, हॉलबाहेर अँब्युलन्स उभी कर. तो म्हणाला, काका, आधी हॉलमध्ये माणसं तर बसू द्या.

३ एप्रिल, संध्याकाळी
पहिला शो झाला.
जळूमाणूस चिखलातून उठला. सगळे चिडीचूप. मग त्याने ऐटीत दोन्ही हात खिशात घातले.
खिसे मीच लावलेत. कोणी सांगितले नव्हते. पण चाळीस वर्षांत बिनखिशाची पँट हातून गेली नाही, हात आपोआप वळला. आतून अस्तरही आहे. लोक हसून हसून लोळले.
त्या गलक्यात माझं ओरडणं कोणालाच ऐकू गेलं नाही. फक्त ही शेजारच्या खुर्चीत होती. म्हणाली, आपणच शिवलेल्या कपड्याला घाबरणारा शिंपी जगात एकच.
खोकला होता म्हटलं. चाललं नाही.

५ एप्रिल
जावई येऊन टीव्ही घेऊन गेले. जिना उतरताना खोकत होते. मुद्दाम.

९ एप्रिल
ड्रेस खिसे काढायला परत आलाय. टीव्हीच्या रिकाम्या जागी खुंटीला टांगलाय. झालर वाऱ्याने हलते. वाऱ्यानेच.
ही म्हणते, खिसे राहू द्या, सोयीचे आहेत. माझ्या प्रेशरच्या गोळ्या तिने त्याच्याच उजव्या खिशात ठेवल्यात.

१२ एप्रिल
तीन दिवस गोळी घेतलेली नाही. हिला सांगितलं, तब्येत सुधारलीय.